हेड जागेवर राहण्याची व्यवस्था

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती वस्तू हलक्या करण्याच्या दिशेने झालेली आहे, आणि हलकी झालेली वस्तू कुठून तरी खाली पडते, ही त्या प्रगतीची दुसरी बाजू आहे. ही बाजू सहसा कोणी लिहून ठेवत नाही, कारण ज्यांच्या पायावर ती वस्तू पडते ते त्या वेळी लिहिण्याच्या मनःस्थितीत नसतात. आमच्या वाद्यवृंदाचा कार्यवाह या नात्याने ते काम मी करतो आहे. (वाद्यवृंदात मी खुळखुळा वाजवतो. हे वाद्य आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी सलग तीन गाणी एका लयीत वाजवून दाखवावं आणि मग तोंड उघडावं.)

प्रकरण माझ्या भाऊजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचं आहे. ते बेस गिटार वाजवतात. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज इतका खालचा असतो की तो कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. हा आवाज लोकांपर्यंत पोचवायला दोन वस्तू लागतात. एक, आवाज मोठा करणारं यंत्र, त्याला हेड म्हणतात. दुसरी, तो आवाज बाहेर फेकणारा स्पीकरचा लाकडी खोका. खोका खाली, हेड वर. ही रचना कोणी ठरवली ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे ती बदलण्याचा अधिकारही कोणाकडे नाही.

भाऊजींचं जुनं हेड म्हणजे एक भारदस्त प्रकरण होतं. ते उचलायला दोघं लागत आणि तिसरा 'सावकाश, सावकाश' म्हणायला लागे. एकदा खोक्यावर बसलं की बसलं. खाली कितीही दणदणाट होवो, ते हूं की चूं करत नसे. मग भाऊजींची कंबर धरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हेड आणि कंबर यांपैकी एकच ठेवता येईल. भाऊजींनी विचार करायला आठवडा मागून घेतला आणि शेवटी, मोठ्या कष्टाने, कंबरेच्या बाजूने निर्णय दिला.

नवीन हेड आलं. बिस्किटांच्या डब्याएवढं. भाऊजी ते काखेत मारून दिवसभर घरात हिंडत होते. आंघोळीला जाताना तेवढं त्यांनी बाहेर ठेवलं.

"एवढ्याशा डबड्याचा आवाज येतो?" ताईने विचारलं.

"जुन्याच्या दुप्पट," भाऊजी म्हणाले.

"जुन्याचाच मला कधी आला नाही," ताई म्हणाली.

इथे ताईची बाजूही नोंदवायला हवी. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हापासून तो खोका पुढच्या खोलीत आहे. तिने तो पुसला, त्यावर फुलदाणी ठेवली, थंडीत मोजे वाळत घातले, पाहुण्यांची मुलं त्यावर चढली तेव्हा उतरवली. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती नटूनथटून आली. प्रत्येक वेळी तिला गाणं ऐकू आलं, ड्रम ऐकू आले, अकॉर्डियन तर नको नको होईपर्यंत ऐकू आलं, आणि भाऊजी मागे उभे राहून नुसती बोटं हलवताना दिसले. घरी ते सरावाला कानावर हेडफोन लावून बसतात, म्हणजे तिथेही बोटंच. "मी एका बोटं हलवणाऱ्या माणसाशी संसार केलाय," असं ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली, आणि ते म्हणताना ती हसत नव्हती. आता तिने शिवणयंत्र घेतलं होतं आणि ते ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती.

"वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला मी येते," तिने भाऊजींना सांगितलं. "एकदा, फक्त एकदा, तुमचं वाजलेलं मला ऐकू आलं की खोका जन्मभर राहू दे. नाही आलं, तर तिथे मशीन बसेल. मग मात्र रुसायचं नाही."

खोका गेला की भाऊजींचं वाजवणं संपलं, हे उघड होतं. तो ठेवायला दुसरं घर नाही. (माझं आहे. पण माझ्या बायकोने कोणी विचारायच्या आतच नाही म्हणून ठेवलं होतं.) भाऊजी अबोल माणूस. ते माझ्याकडे आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, मला आठ मात्रा दे. एकट्याला. बाकी सगळे गप्प." मला वाईट वाटलं, आणि कार्यवाहाच्या अधिकारात मी त्यांना कार्यक्रमातलं शेवटून दुसरं गाणं, त्यातल्या मधल्या आठ मात्रा, मंजूर केल्या.

आमची तालीम दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटांनी वाट बघत बसायच्या खोलीत होते. डॉक्टर आमचे गायक. (त्यांच्या पेशंटांना त्यांचं गाणं ऐकावंच लागतं, कारण तोंड उघडं असताना विरोध नोंदवता येत नाही.) त्या खोलीत नवीन हेड पहिल्यांदा खोक्यावर विराजमान झालं आणि भाऊजींनी सर्वांत जाड तार छेडली. खोका हादरला. हेड हललं. भाऊजी वाजवत राहिले, हेड चालत राहिलं. घाई नाही, गडबड नाही, रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त माणसाच्या चालीने ते कडेपर्यंत आलं, तिथे क्षणभर थांबलं आणि खाली गेलं. जमिनीपर्यंत मात्र पोचलं नाही. स्पीकरच्या वायरला ते लटकलं आणि तसं लटकून, झोके घेत, उत्तम वाजत राहिलं. गाणं संपेपर्यंत कोणी थांबलं नाही, कारण थांबायची खूण करण्याचं काम वाद्यवृंदाच्या अध्यक्षांचं, आणि ते डोळे मिटून अकॉर्डियन वाजवत होते.

"जमिनीवर ठेवा की," ड्रम वाजवणारा म्हणाला. हा दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे वस्तू खाली असण्याचं त्याला विशेष काही वाटत नाही.

मग अध्यक्षांनी त्याला समजावून सांगितलं की प्रश्न हेड खोक्यावर कसं राहील हा आहे. ते जमिनीवर ठेवलं तर प्रश्नच उरत नाही, आणि प्रश्नच उरला नाही तर उत्तर शोधणार कशाचं. ड्रमरने मान डोलावली. तोही समजूतदार आहे. त्याच बैठकीत हेड स्थैर्य समिती स्थापन झाली आणि त्याला तिच्यावर घेण्यात आलं, म्हणजे तो पुन्हा असं बोलणार नाही.

समितीचे प्रमुख अर्थातच अध्यक्ष. ते पूल खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या कारकिर्दीत मंजूर झालेला एकही पूल आजवर पडलेला नाही. (दोन बांधायचे राहिले आहेत. ते तर पडणं शक्यच नाही.) "हे आपल्याला कायमचं करायचंय," ते म्हणाले. "भूकंप, वादळ आणि वरून मिरवणूक गेली, तरी हलता कामा नये."

"वरून मिरवणूक कशाला जाईल?" भाऊजींनी विचारलं.

"पुलाच्या वेळीही लोक असंच विचारतात," अध्यक्ष म्हणाले.

पहिला प्रयोग रबरी चटईचा. डॉक्टरांच्या न्हाणीघरातली पाय न घसरण्याची चटई कापून हेडखाली घातली. निष्कर्ष असा निघाला की हेड चटईवरून अजिबात घसरत नाही. चटई खोक्यावरून घसरते. पूर्वी एकटं जाणारं हेड आता चटईसकट, बसल्या जागी, सन्मानाने कडेपर्यंत गेलं. समितीने हा प्रयोग अंशतः यशस्वी ठरवला.

मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. ती इतकी यशस्वी झाली की तालमीनंतर हेड सुटेना. डॉक्टरांनी एक पाय खोक्यावर ठेवून, दाढ काढायच्या पद्धतीने, डावीकडे-उजवीकडे हलवत ओढलं, तेव्हा हेड आलं आणि त्याच्याबरोबर खोक्याच्या वरचं काळं अस्तरही आलं. ज्याला ते चिकटवलं होतं तेच निघाल्यामुळे हेड पडलं असं म्हणता येत नव्हतं. भाऊजींचा चेहरा मात्र बघवत नव्हता. उघड्या पडलेल्या लाकडावरून ते हात फिरवत होते आणि मला ताईच्या शिवणयंत्राची पेटी दिसत होती, न उघडलेली, दारामागे उभी.

तिसरा विचार वजनाचा. हेड हलकं आहे म्हणून हलतं, तेव्हा त्यावर काहीतरी जड ठेवावं. दवाखान्यात शोकेसमध्ये प्लास्टरची एक भली मोठी दाढ आहे, मुलांना कीड कुठे लागते ते दाखवायला. ती हेडवर ठेवली. दाढ आणि हेड दोघंही निघाली. दाढ पुढे होती. ती खाली पडून तिचा एक कोपरा उडाला, आणि आता डॉक्टर तोच कोपरा दाखवून मुलांना सांगतात की दात न घासल्यास असं होतं.

याहून जड आणि तरीही बरोबर हेडच्या मापाचं काय आहे, याचा समितीने सर्व बाजूंनी विचार केला. उत्तर भाऊजींच्या घरी, पलंगाखाली होतं.

जुनं हेड आणलं गेलं. दोघांनी उचललं, मी 'सावकाश, सावकाश' म्हणालो, आणि ते नवीन हेडच्या डोक्यावर बसवलं. त्याला वायर जोडायची नव्हती, वाजायचं नव्हतं. त्याने फक्त बसायचं होतं, आणि ते त्याला पहिल्यापासून जमत आलं होतं. भाऊजींनी सगळ्यांत खालचा सूर पाच मिनिटं घुमवला. शोकेसची काच थरथरली, खुर्च्या सरकल्या, शेजारच्या दुकानदाराने भिंतीवर थाप मारली. नवीन हेड तसूभरही हललं नाही. मी वजनाचा हिशेब केला. एकूण भार पूर्वीपेक्षा फक्त बिस्किटांच्या डब्याएवढा वाढला होता, म्हणजे नगण्य. याचं श्रेय हलकेपणाच्या आधुनिक तंत्राला द्यायला हवं.

तेवढ्यावर थांबले असते तर ते अध्यक्ष कसले. जे हलत नाही ते हलू शकणार नाही अशी व्यवस्था हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी ट्रकवर सामान आवळायचे पट्टे आणले, खटका दाबून कट्-कट् करत घट्ट होणारे. दोन उभे, दोन आडवे. पट्ट्यांनी पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून आतून घोंगडी. घोंगडी पुढून, मागून, बाजूंनी, पाहुणा तापाने फणफणला असताना गुंडाळतो तशी. बटणं आत गेली, त्यामुळे आवाज किती ठेवायचा ते गुंडाळण्यापूर्वीच ठरवून टाकावं असा ठराव झाला. गिटारची वायर एका घडीतून बाहेर काढली.

"मागे जाळी आहे हो त्याला," भाऊजी हळूच म्हणाले. "आत पंखा आहे. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवायला सांगितलंय."

"पूल श्वास घेत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि खटका आणखी एकदा दाबला.

मी भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी माझ्याकडे. कंपनीने यंत्राबरोबर काय सांगितलंय हे मलाही माहीत होतं. पण समितीचं काम अगदी संपत आलं होतं, आणि अशा वेळी शंका काढणारा माणूस कोणालाच आवडत नाही. भाऊजी तर पहिल्यापासूनच कोणाचं मन मोडत नाहीत.

अंतिम चाचणी सर्व सदस्यांच्या उपस्थितीत पार पडली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती रचना ढकलली, ओढली, तिरकी केली. एकदा सगळा खोका उताणा पडला, पण हेड खोक्यावरून सुटलं नाही. त्याच्याबरोबर तेही उताणं पडलं. टाळ्या झाल्या. (चाचणीच्या वेळी यंत्र बंद ठेवलं होतं. चालू यंत्र ढकलणं धोक्याचं असतं.)

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती, तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि कानांवरून केस मागे घेतले होते. तिला खरंच ऐकायचं होतं. शिवणयंत्र तिला कुठेही ठेवता आलं असतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पडदा उघडला तेव्हा सगळ्यांची नजर त्या गुंडाळीकडे गेली. घोंगडी, पट्टे, वर जुनं हेड. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ते नेमकं कोणाचं आहे असं शेजाऱ्याला विचारलं. सुरुवातीची गाणी झकास झाली. भाऊजींचा सूर पायाखालच्या फळ्यांतून जाणवत होता. पण त्या वेळी अकॉर्डियन चालू होतं, त्यामुळे ताईचं त्यावर मत बनणं शक्य नव्हतं. मध्यंतरानंतर मला गरम लोकरीचा वास आला. मग शेवटून दुसरं गाणं आलं, आणि त्या आठ मात्रांच्या थोडंसं आधी फळ्यांतली थरथर थांबली. हेडने आतल्या आत, शहाण्या यंत्राप्रमाणे, भाजून निघण्याऐवजी स्वतःला बंद करून घेतलं होतं.

ठरल्याप्रमाणे आम्ही सगळे गप्प झालो. मी खुळखुळा छातीशी धरला. भाऊजींनी मागे वळून पाहिलं. बटण घोंगडीत, घोंगडी पट्ट्यांत, आणि पट्ट्यांचा खटका कसा सोडायचा ते अध्यक्षांनाही अजून सापडलेलं नव्हतं. भाऊजींनी परत तोंड पुढे केलं, दुसऱ्या रांगेकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि आठच्या आठ मात्रा वाजवल्या. एकही चुकली नाही, हे मी बोटांवरून सांगू शकतो. सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. हेड जागेवर होतं. समितीच्या अहवालात मी पुढे लिहिलं: स्थैर्य पूर्ण, आवाज निरंक.

आठवी मात्रा संपली. डाव्या बाजूने एक टाळी वाजली. मग आणखी दोन. मग सगळं सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं, काही जण तर उभे राहिले.

"बंद होतं रे," भाऊजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

"माहीत आहे."

"मग हे टाळ्या कशाला वाजवतायत?"

"आता मिळतायत तर घ्या," मी म्हणालो.

कार्यक्रमानंतर लोकांनी भाऊजींना गराडा घातला. काय खोली, काय संयम, एकेक सूर काळजाला हात घालणारा. एका गृहस्थांच्या अंगावर काटा आला होता, तो त्यांनी बाही वर करून दाखवला. डॉक्टर म्हणाले की इतकं कमी वाजवून इतकं सांगणारा कलाकार त्यांनी पाहिला नाही. अध्यक्ष कोणाशी न बोलता पट्ट्यांवरून हात फिरवत उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

ताईने मला बाजूला घेतलं.

"मला काहीच ऐकू आलं नाही रे," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "एवढ्या सगळ्या लोकांना आलं. म्हणजे इतकी वर्षं हे वाजवतच होते, आणि मी बापडी बहिरी. काय वाटलं असेल त्यांना." तिने पदराने डोळे टिपले. "मशीन मी स्वयंपाकघरात बसवते. खोक्याला कोणी हात लावायचा नाही."

दुसऱ्याच दिवशी ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं, दोन्ही कान ठणठणीत होते. परंतु हे डॉक्टर स्वतः कार्यक्रमाला हजर होते आणि त्या आठ मात्रांना उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत होते, त्यामुळे दोष ताईच्या कानात निघणं आवश्यक झालं. त्यांनी थेंब लिहून दिले. ती ते सकाळ-संध्याकाळ, मान वाकडी करून, न चुकता घालते आणि मग पुढच्या खोलीत येऊन म्हणते, "वाजवा आता." भाऊजी वाजवतात. हेड अजून घोंगडीतच आहे, आणि बंदच. "आज जरा काहीतरी आल्यासारखं वाटलं," असं ती मधूनमधून म्हणते, त्यांना बरं वाटावं म्हणून. भाऊजी मला दोनदा म्हणाले की तिला खरं सांगून टाकू या. पण त्यासाठी सगळं सभागृह खोटं पाडावं लागेल, आणि एवढ्या लोकांपुढे आमच्या दोघांच्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही. ती आमच्या घरचीच आहे, आम्ही तिला ओळखतो.

म्हणून आम्ही ठरवलं की हे काम सभागृहातल्या कोणीतरी करावं. तुम्ही होतातच, डाव्या बाजूला. ताईचं घर तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी ती घरीच असते, थेंब घालून झाले की मोकळी असते, चहा करेल. तुम्ही जाऊन एवढंच सांगायचं की यंत्र बंद होतं, आणि मग ती विचारेल की तुम्ही टाळ्या कशासाठी वाजवल्या, त्याचं उत्तर द्यायचं. फारच अवघड वाटलं तर नका जाऊ. बाकीचेही अजून कोणी गेलेले नाहीत.